लॅपटॉप मुका झाला तर...

व्हिडिओ कॉल सुरू आहे. पडद्यावर समोरची व्यक्ती दिसते, तिचे ओठ हलतात, हातवारेही दिसतात. ऐकू मात्र काहीच येत नाही. आवाजाची पातळी शंभरापर्यंत नेली जाते, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला जातो, वैतागून त्याला एखादी चापटही मारली जाते. तरीही शांतताच! दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि तेथे बहुधा तीनपैकी एक निदान ऐकायला मिळते : 'विंडोज नव्याने मारावी लागेल', 'साउंड कार्ड गेले' किंवा 'मदरबोर्डच बदलावा लागेल'.

ही निदाने कधीकधी खरीही ठरतात. मात्र तपासणीशिवाय ती मान्य केली, तर त्यांची किंमत मोठी असते. विंडोज घाईघाईने नव्याने बसवताना वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि कागदपत्रे पुसली जाऊ शकतात. मदरबोर्डचा खर्च ऐकून अनेक जण चांगला चालता लॅपटॉप भंगारात काढण्याच्या विचारात पडतात. आणि खरा दोष हेडफोनच्या छिद्रात अडकलेल्या कचऱ्याच्या एका कणाचा असू शकतो! ज्यांना दृष्टी नाही आणि जे पडदावाचक प्रणालीच्या आधाराने संगणक वापरतात, त्यांच्यासाठी तर आवाज जाणे म्हणजे अख्खा पडदाच काळा होणे. म्हणूनच 'दुरुस्तीला किती पैसे लागतील' या प्रश्नाआधी 'आवाज नेमका कोठे अडला' हा प्रश्न विचारायला हवा. त्याचे उत्तर पुष्कळदा घरच्या घरी, स्क्रूड्रायव्हर हाती न घेता मिळते.

आवाजाचा प्रवास

दोष शोधायचा तर आधी वाट ठाऊक हवी. गाणे असो वा व्हिडिओ, आवाजाचा प्रवास एखाद्या प्रोग्रॅममधून सुरू होतो. तो आकड्यांच्या रूपात विंडोजकडे येतो. विंडोज वेगवेगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करते आणि ते कोणत्या साधनाकडे पाठवायचे हे ठरवते. पुढे ड्रायव्हर नावाचा दुभाषा ते लॅपटॉपमधील कोडेक या चिपच्या भाषेत पोहोचवतो. ही चिप आकड्यांचे रूपांतर विद्युत् लहरींत करते, अ‍ॅम्प्लिफायर त्या लहरींना बळ देतो आणि अखेर दोन बारीक तारांतून त्या स्पीकरपर्यंत जातात. स्पीकरमध्ये चुंबकाजवळ तारेचे एक नाजूक वेटोळे असते. ते थरथरले की त्याला जोडलेला पातळ पडदा हवा हलवतो आणि आवाज ऐकू येतो.

या साखळीची एक जरी कडी निखळली, तरी परिणाम एकच : शांतता. त्यामुळे केवळ शांततेवरून स्पीकर निकामी झाला असा निष्कर्ष काढता येत नाही. 'साउंड कार्ड गेले' या शब्दप्रयोगाबाबतही सावध असावे. टेबलावरच्या जुन्या संगणकांत साउंड कार्ड ही खरोखरच वेगळी, काढता-घालता येणारी पट्टी असे. इंटेलने १९९७ मध्ये एसी ९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक आणले आणि आवाजाचे काम मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपकडे जाणे रूढ झाले. आजच्या लॅपटॉपमध्ये सुटे साउंड कार्ड नसतेच. तेव्हा ते 'बदलून' देण्याची भाषा कोणी केली, तर नेमके काय बदलणार आहात, असे विचारणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.

पाच मिनिटांची तपासणी

सर्वांत आधी म्यूटचे बटण पाहावे. अनेक लॅपटॉपमध्ये ते कीबोर्डच्या वरच्या ओळीत असते आणि धूळ झटकताना चुकून दाबले जाते. काही ठिकाणी त्यात बारीक दिवाही असतो. त्यानंतर ज्या प्रोग्रॅममध्ये आवाज येत नाही, त्याची स्वतःची पातळी पाहावी. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची सोय आहे. तिला व्हॉल्यूम मिक्सर म्हणतात. ब्राउझरमध्ये एखाद्याच संकेतस्थळाचा आवाज बंद केलेला असू शकतो. दुसऱ्या प्रोग्रॅममधून एखादे गाणे लावून पाहिले की हा संशय मिटतो.

दुसरा मुद्दा आवाजाच्या दिशेचा. खालच्या पट्टीवरील स्पीकरच्या चिन्हावर क्लिक केल्यावर आवाज कोणत्या साधनाकडे जात आहे, ते पाहता आणि बदलता येते. तेथे अनेकदा रहस्य उलगडते. लॅपटॉप टीव्हीला वा मोठ्या मॉनिटरला एचडीएमआय केबलने जोडला, की चित्राबरोबर आवाजही त्याच केबलमधून जाऊ लागतो. त्या मॉनिटरला स्पीकरच नसले, तर आवाज कोठेच पोहोचत नाही! ब्लूटूथ इअरफोनचेही तसेच. ते शेजारच्या खोलीत कोणाच्या तरी पिशवीत चालू अवस्थेत असतात आणि लॅपटॉप इमानेइतबारे सारा आवाज त्यांच्याकडे पाठवत राहतो. यादीतून लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर निवडले, की काम होते.

तिसरा उपाय साधा आहे, पण तो नीट करावा लागतो. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करणे पुरेसे आहे, असा समज असतो. विंडोज ८ पासून मात्र 'शट डाउन' म्हटल्यावर अनेक संगणक पूर्णपणे बंद होत नाहीत. पुढच्या वेळी लवकर सुरू होता यावे, म्हणून प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि बिघडलेली स्थितीही त्याबरोबर परत येऊ शकते. म्हणून 'शट डाउन'ऐवजी 'रिस्टार्ट' निवडावे. त्यात सारे काही नव्याने सुरू होते.

येथेच आणखी एक खूण उपयोगी पडते. विंडोज ११ मध्ये साउंड सेटिंग्जच्या तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' हा दुवा आहे. त्यावर क्लिक केले, की जुन्या पद्धतीची चौकट उघडते. गाणे चालू असताना तिच्यात स्पीकरच्या नावासमोरची हिरवी पट्टी वर-खाली होत असेल, तर विंडोज आपले काम करत आहे आणि आवाज त्यापुढे कोठेतरी अडला आहे. पट्टी निश्चल असेल, तर दोष प्रोग्रॅममध्ये, निवडलेल्या साधनात वा विंडोजच्या ध्वनिसेवेत शोधावा. 'विंडोज ऑडिओ' ही सेवा थांबलेली असल्यास सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ती पुन्हा सुरू करता येते.

हेडफोनची कसोटी

एवढे करूनही आवाज आला नाही, तर घरातला साधा, तारेचा, ३.५ मिलिमीटर पिन असलेला हेडफोन आणावा. निदानासाठी यासारखे स्वस्त साधन नाही. तो लावून गाणे सुरू करावे आणि काय घडते ते पाहावे.

हेडफोनमध्ये स्वच्छ आवाज आला, तर प्रोग्रॅम, विंडोज आणि कोडेक चिप या तिन्ही कड्या शाबूत आहेत. मग संशयित उरतात ते हेडफोनचे छिद्र, स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर, तारा आणि स्वतः स्पीकर. अशा वेळी विंडोज नव्याने बसवण्याची घाई करण्याचे कारण नाही. याला एक अपवाद आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. विंडोज अपडेट झाल्यावर वा नव्याने बसवल्यानंतर लगेच स्पीकर बंद पडले असतील आणि हेडफोन मात्र चालत असेल, तर हा ड्रायव्हर हरवल्याची शक्यता आधी तपासावी.

हेडफोनमध्येही आवाज नसेल, तर दोष साखळीच्या अलीकडच्या टोकाला, म्हणजे विंडोज, ड्रायव्हर वा कोडेक चिपमध्ये असण्याची शक्यता वाढते. दोन्ही स्पीकर एकाच क्षणी गप्प होणे हेही त्याच दिशेने बोट दाखवते. दोन स्वतंत्र स्पीकर एकाच वेळी जळण्याचा योग विरळा. याउलट एकाच बाजूचा आवाज गेला असेल, तर आधी सेटिंग्जमधील डाव्या-उजव्या बाजूंचा समतोल पाहावा. तो ठीक असल्यास त्या बाजूची तार किंवा स्पीकर यांवर संशय घ्यावा.

या कसोटीसाठी यूएसबी किंवा ब्लूटूथ हेडफोन चालत नाही, हे लक्षात ठेवावे. त्यांच्यात स्वतःची रूपांतर करणारी चिप असते. त्यामुळे लॅपटॉपची कोडेक चिप बंद असली, तरी त्यांतून आवाज येतो. अशा हेडफोनमुळे इतकेच कळते, की विंडोज आणि प्रोग्रॅम ठीक आहेत.

छिद्रातला कचरा

हेडफोन लावताच स्पीकर बंद होतात, हे सर्वांना माहीत आहे. पण लॅपटॉपला ते कळते कसे? छिद्राच्या आत धातूची एक बारीक पट्टी असते. पिन आत गेली, की ती सरकते आणि तिची जोडणी बदलते. त्यावरून हेडफोन आल्याचा निरोप चिपला मिळतो. छिद्रात कापसाचा धागा वा धूळ गेली, पट्टी वाकली किंवा दमट हवेने गंजली, तर हेडफोन काढल्यानंतरही तो लावलेलाच आहे, असे लॅपटॉप समजत राहतो. स्पीकर धडधाकट असतात, पण त्यांच्यापर्यंत काही पोहोचतच नाही.

उपाय सोपा आहे. लॅपटॉप बंद करून हेडफोनची पिन दहा-बारा वेळा हलक्या हाताने आत-बाहेर करावी. पट्टी मोकळी झाली, तर पुढच्या वेळी आवाज येतो. हवेच्या डब्याने छिद्रात हलका झोत मारता येतो. टाचणी, सुई किंवा ओला बोळा मात्र आत घालू नये. पट्टी कायमची वाकण्याचा धोका असतो. २०१६ पूर्वीच्या बऱ्याच मॅकबुकमध्ये याच छिद्रातून प्रकाशाच्या रूपातही ध्वनी बाहेर देण्याची सोय होती. अशा मॅकबुकच्या रिकाम्या छिद्रातून तांबडा प्रकाश दिसत असेल, तर आतली कळ अडकली आहे, असे समजावे.

ड्रायव्हरचे दुखणे

दोष ड्रायव्हरचा वाटत असेल, तर स्टार्टच्या बटणावर उजवे क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तेथे 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या गटात ध्वनियंत्रणेचे नाव असते. त्यावर पिवळे उद्गारचिन्ह असल्यास ड्रायव्हर बिघडला आहे. खाली रोखलेला बाण असल्यास ते साधन बंद ठेवले गेले आहे आणि 'एनेबल' म्हणताच सुरू होते. नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर आवाज गेला असेल, तर त्या साधनाच्या प्रॉपर्टीजमधील 'रोल बॅक ड्रायव्हर' हा पर्याय पूर्वीचा ड्रायव्हर परत आणतो.

तेवढ्याने भागले नाही, तर लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक पाहून उत्पादक कंपनीच्याच अधिकृत संकेतस्थळावरून ध्वनीचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. तो हाती आल्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर काढून नवा बसवावा. हा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. 'तुमचे सर्व ड्रायव्हर आपोआप दुरुस्त करतो' असे सांगणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमपासून दूरच राहावे. आवाज परत येण्याऐवजी नको ते पाहुणे संगणकात शिरतात.

रिस्टार्टनंतरही त्या गटात लॅपटॉपच्या ध्वनियंत्रणेचे नावच दिसत नसेल, तर बायोसमध्ये ती बंद केलेली नाही ना, हे पाहावे. तेथेही सारे ठीक असेल, तर चिप वा मदरबोर्डमधील दोषाची शक्यता खरोखरच बळावते.

विंडोजला बाजूला ठेवून

यंत्र दोषी की प्रणाली, याचा निवाडा करण्याची आणखी एक युक्ती आहे. विंडोजला बाजूला ठेवून आवाज काढून पाहायचा. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज सुरू होण्याआधीच चालणारी तपासणी यंत्रणा असते आणि तीत स्पीकरची चाचणीही असते. ती कोणत्या बटणाने उघडते, याची माहिती उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळते. तशी सोय नसल्यास उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन, ती संगणकावर न बसवता, केवळ 'ट्राय' या पर्यायाने चालवता येते. 'इन्स्टॉल' या पर्यायाला मात्र चुकूनही हात लावू नये. त्याने डिस्कवरील मजकूर पुसला जाऊ शकतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी.

लिनक्समध्ये स्पीकर बोलू लागले, तर यंत्र निर्दोष ठरते आणि मदरबोर्ड बदलण्याची चर्चाच संपते. लिनक्समध्येही ते गप्प राहिले, तर मात्र यंत्राचा दोष सिद्ध झाला असे समजू नये. काही नव्या लॅपटॉपमधील अ‍ॅम्प्लिफायर लिनक्सला ओळखता येत नाहीत.

स्पीकरच निकामी झाला असेल तर

स्पीकर खरोखर निकामी होतानाही काही खुणा आधी दिसतात. तो बहुधा एकाएकी गप्प होत नाही. आधी आवाज फाटतो, खरखर येते, खालचे सूर हरवतात. लॅपटॉपचे स्पीकर एक-दोन वॉटचे, चिमुकले असतात. आवाज मूळ मर्यादेपलीकडे वाढवणारे प्रोग्रॅम सतत वापरले, तर वेटोळे तापते आणि पडदा फाटू शकतो. पावसाळ्यातील दमट हवा आणि तळाच्या जाळीतून शिरणारी धूळही त्यांना बाधते. चहा सांडल्यास लॅपटॉप लगेच बंद करून चार्जर काढावा आणि 'चालतो का पाहू' म्हणून पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा.

आणखी एक प्रकार दुरुस्तीनंतर घडतो. बॅटरी वा रॅम बदलून आणल्यावर स्पीकर बंद पडले, तर त्यांच्या तारांची इवलीशी जोडणी पुन्हा बसवायची राहून गेली असण्याची शक्यता मोठी असते. लॅपटॉप परत नेऊन तेवढेच सांगावे.

स्पीकरची परीक्षा तंत्रज्ञाला मल्टिमीटरने काही क्षणांत करता येते. लॅपटॉपचे स्पीकर बहुधा ४ किंवा ८ ओहमचे असतात आणि मल्टिमीटर त्याहून किंचित कमी आकडा दाखवतो. काटा हललाच नाही किंवा आकडा आलाच नाही, तर वेटोळे तुटले आहे. अशा वेळी स्पीकरची जोडी बदलणे हा उपाय मदरबोर्डच्या तुलनेत फारच स्वस्त असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात लॅपटॉपचे सुटे भाग मिळतात. मात्र भाग त्याच मॉडेलचा आहे, याची खात्री करून घ्यावी. लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला, तर मात्र स्वतः उघडण्याच्या फंदात पडू नये. बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते आणि तिला टोच लागली, तर आग लागू शकते.

दुकानात जाताना

एवढी तपासणी झाल्यावर दुकानात जावे लागले, तरी ग्राहक रिकाम्या हाताने जात नाही. आवाज केव्हा गेला, हेडफोनमध्ये येतो का, एका बाजूचा गेला की दोन्ही, डिव्हाइस मॅनेजर काय सांगतो, हे कागदावर लिहून न्यावे. वॉरंटी शिल्लक असेल, तर अधिकृत सेवा केंद्राबाहेर लॅपटॉप उघडू देऊ नये. निघण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. खर्चाचा अंदाज लेखी मागावा आणि बदललेला जुना भाग परत घ्यावा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले. वस्तू फेकण्याऐवजी दुरुस्त करून वापरता यावी, हा त्यामागचा हेतू असून त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचाही समावेश आहे. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

तोपर्यंतचा आधार

दुरुस्तीला वेळ लागणार असेल, तर काही शे रुपयांत मिळणारे यूएसबी ध्वनिसाधन वा यूएसबी हेडफोन तात्पुरता आधार देतो. त्यात स्वतःची चिप असल्याने लॅपटॉपची कोडेक चिप बंद असली, तरी अडत नाही. चिपच निकामी झाल्याचे निदान झाले आणि मदरबोर्डचा खर्च परवडत नसेल, तर हा तात्पुरता आधार कायमचा करायलाही हरकत नाही.

एनव्हीडीएसारख्या मोफत पडदावाचकावर विसंबणाऱ्या अंध वापरकर्त्यांनी तर असा एक यूएसबी हेडफोन आधीच घेऊन, एकदा लावून, त्यातून बोलणे ऐकू येते याची खात्री करून ठेवावी. आवाज गेल्यानंतर सेटिंग्जमध्ये शोधाशोध करणे डोळस माणसाला फक्त त्रासाचे असते. त्यांना ते अशक्यच होऊन बसते. घरातील डोळस मंडळींनीही ही बाब ध्यानात ठेवून, असा लॅपटॉप गप्प झाला तर आधी आवाजाची दिशा आणि मग हेडफोनचे छिद्र पाहून द्यावे. एखाद्याचे वाचन, अभ्यास आणि नोकरी त्या दोन मिनिटांवर अवलंबून असू शकते.